काजळीचं नेमकं काम: कार्बनचा सौरघट बांधायचा कसा आणि मोजायचा कसा

‘काजळीपासून वीज’ असा फलक लावून विज्ञान प्रदर्शनात सौरघट मांडायचा मोह कुणालाही होईल. फलक वाचून पालक थांबतात, परीक्षकही थांबतात. पण त्या फलकात गफलत आहे. या घटात, म्हणजे रंगसंवेदी सौरघटात, प्रकाश शोषतो तो फळाचा रंग. रंगातून सुटलेला इलेक्ट्रॉन उचलतं टायटॅनियम डायऑक्साइड. बाहेरच्या तारेतून फिरून आलेला इलेक्ट्रॉन दोन काचांमधल्या आयोडीनच्या द्रावणात परत सोडणं, एवढंच काजळीचं काम. ते दुय्यम वाटेल, पण तेच अडलं तर बाकी सगळं जागच्या जागी असूनही घट बसतो. मोठ्या प्रयोगशाळांत या जागी प्लॅटिनम लावतात. काजळी हे काम किती नीट करते, हे आपल्या पीयूसी (अकरावी-बारावीच्या) कॉलेजच्या प्रयोगशाळेत साध्या मल्टिमीटरने मोजता येतं. त्या मोजणीपर्यंत कसं पोचायचं ते पुढे सांगतो. सेकंड पीयूसी किंवा बीएस्सीचे विद्यार्थी आणि हायस्कूलचे विज्ञान शिक्षक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात काय कुठे मिळतं आणि कुठल्या महिन्यात मिळतं, तेही सोबत येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी

सौरघटात कार्बन एकाच जागी बसत नाही. 1985 साली सापडलेलं फुलरीन, म्हणजे 60 अणूंचा पोकळ चेंडू, सेंद्रिय सौरघटांत इलेक्ट्रॉन झेलायला वापरलं गेलं. त्या शोधाबद्दल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना 1996 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2004 साली वेगळं काढलेलं ग्राफीन एका अणूइतक्या जाडीचं असूनही पडलेल्या प्रकाशातला सुमारे 2.3 टक्के प्रकाश शोषतं आणि बाकीचा पलीकडे जाऊ देतं. म्हणून पारदर्शक विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. सगळाच्या सगळा घट कार्बनचा करण्याचा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठात 2012 साली झाला. कार्यक्षमता 1 टक्क्याच्याही खाली राहिली. बाजारातलं सिलिकॉनचं पॅनेल 20 टक्क्यांच्या आसपास असतं, हे लक्षात ठेवलं म्हणजे ‘कार्बनमुळे सिलिकॉन आता संपलं’ छापाच्या बातम्यांकडे कसं बघायचं ते कळतं.

कार्बनने खरं नाव कमावलं ते मागच्या बाजूच्या विद्युतअग्रात. रंगसंवेदी सौरघटाचा गाजलेला शोधनिबंध ओ’रेगन आणि ग्रेट्झेल यांनी 1991 साली लिहिला. 1996 मध्ये के आणि ग्रेट्झेल यांनी प्लॅटिनमऐवजी ग्रॅफाइट आणि कार्बन ब्लॅक वापरून सुमारे 6.7 टक्के कार्यक्षमता मिळवली. 2014 साली चीनमधल्या हान यांच्या गटाने पेरोव्हस्काइट (प्रकाश शोषणारा एक स्फटिकी पदार्थ) वापरलेल्या घटात मागचा सगळा थर कार्बनचा ठेवला आणि 12.8 टक्के दाखवले. पेरोव्हस्काइटच्या वाटेला मात्र शाळेने जाऊ नये, त्यात शिसं असतं. आपण 1996 च्या वाटेने जाऊ.

आपल्या देशातही या कामाला जुना धागा आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली कापरापासून फुलरीन मिळवल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आरतीच्या तबकातला तोच कापूर पुढे आपल्याही कामाला येणार आहे.

सामान

सगळ्यात महाग आणि सगळ्यात अडणारी वस्तू म्हणजे विद्युतवाहक काच. तिच्या एका बाजूला फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. दुकानदार तिला एफटीओ ग्लास म्हणतात. साध्या शाळेच्या सामानाच्या दुकानात ती बहुधा मिळणार नाही, प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्यांकडून मागवावी लागेल. 2.5 सेंटिमीटर चौरसाचे तुकडे कापूनच मागवा. घरी हिरकणीने कापताना निम्मे वाया जातात. ही काच स्वतः तयार करण्याच्या कृती वाचायला मिळतील, पण तापलेल्या काचेवर टिन क्लोराइड आणि अमोनियम फ्लोराइड फवारताना घातक वायू निघतात. ते काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांवर संशोधन करण्याची जुनी परंपरा आहे, आणि आपल्याकडची बरीच मुलं एमएस्सीला तिकडेच जातात. ओळखीचं कुणी असेल तर दोनचार तुकडे आणि चार युक्त्या दोन्ही मिळतील.

दुसरी वस्तू टायटॅनियम डायऑक्साइड. रंगाच्या दुकानात पांढरी पूड याच नावाने मिळते, पण ती घेऊ नका. रंगातले कण दोनतीनशे नॅनोमीटरचे असतात आणि बहुतेक रुटाइल प्रकारचे. आपल्याला हवेत 20–25 नॅनोमीटरचे, मुख्यतः अ‍ॅनाटेज प्रकारचे कण. कण जितका बारीक तितकं पृष्ठफळ जास्त, आणि रंग चिकटतो तो पृष्ठभागालाच. ‘पी25’ नावाने मिळणारी पूड या कामासाठी जगभर वापरतात. 10 ग्रॅममध्ये अख्ख्या वर्गाचं काम होतं. पूड हलकी असते, उडते. तोंडाला मास्क लावूनच डबा उघडा.

कार्बनसाठी काय घ्यायचं आणि काय टाळायचं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

पेन्सिल घ्यायची तर 6बी किंवा 8बी घ्या. एचबीमध्ये मातीचं प्रमाण जास्त असतं. ग्रॅफाइटची पूड बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांकडे पाहायला मिळेल, कारण साच्याच्या आतून लेप द्यायला ती वापरतात. पण तयार लेपात बांधणीसाठी माती किंवा राळ मिसळलेली असते. कोरडी, निव्वळ पूड आहे का ते विचारूनच घ्या. रेडिओत घालायचा जुना सेल फोडून आतली काळी पूड वापरायचा सल्ला काहीजण देतात. ती काळी असली तरी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असते. त्या सेलमधली मधली कांडी तेवढी कार्बनची. ती घासून पूड करता येते, पण हात दुखून येतात.

गुऱ्हाळातल्या चिपाडांचा कोळसा चालेल का? इकडच्या मुलांच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार. चुलवाणातला साधा कोळसा वीज जेमतेम वाहून नेतो, कारण त्यात ग्रॅफाइटसारखे सलग थर तयार झालेले नसतात. त्यासाठी हवा न लागू देता 700–800 अंशांच्या वर तापवावं लागतं. कोळशाच्या तुकड्याला मल्टिमीटरचे दोन टोक टेकवा. रोध मेगाओहममध्ये दिसला तर तो कोळसा पुन्हा चुलीतच घाला.

बाकी सामान: पोटॅशियम आयोडाइड, आयोडीनचे स्फटिक, इथिलीन ग्लायकॉल, पांढरं व्हिनेगर, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पारदर्शक चिकटपट्टी, कागदाला लावायच्या काळ्या बाइंडर क्लिपा, 365 किंवा 395 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च (ती अगदी शेवटच्या प्रयोगाला), आणि 10 ओहमपासून 10 किलोओहमपर्यंतचे सातआठ रोध. इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पांढरी काच

आधी काचेची वाहक बाजू ओळखा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही बाजू तपासा. ज्या बाजूला काही दशक ओहम दिसतात ती आपली. मागच्या बाजूला कोपऱ्यात हिरकणीने बारीक ओरखडा काढून खूण करा (मार्करची शाई अल्कोहोलने आणि भट्टीत जाते), कारण पुढे भट्टीतून आल्यावर सगळ्या काचा सारख्याच दिसतात. काच साबणाने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा. यानंतर बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं.

व्हिनेगरमध्ये साधारण दहापट डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की पीएच 3 च्या आसपास येतो. पोर्सेलिनच्या खलात 2 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घ्या आणि हे पाणी एकूण 3 मिलिलिटर, पण थेंबाथेंबाने, घोटत घोटत घाला. घाई केली की गुठळ्या राहतात आणि भाजल्यावर तिथे थर तडकतो. पातळ दह्याइतकं झालं की भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाका. त्यानंतर घोटू नका, फेस येतो. पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

वाहक बाजू वर ठेवून काचेच्या तीन कडांना चिकटपट्टी लावा. पट्टीची जाडी सुमारे 50 मायक्रॉन, तीच आपल्या ओल्या थराची जाडी ठरवते. मधे दोनतीन थेंब टाकून काचेच्या कांडीने एकाच ओढीत पसरा. दुसऱ्यांदा ओढायचं नाही. थर सुकला की पट्टी काढा आणि ब्लेडने खरवडून नेमका 1 सेंटिमीटर चौरस ठेवा. पुढचं सगळं गणित या एका चौरसावर उभं आहे, तेव्हा इथे पट्टी लावून मोजा.

आता भाजणं. 450 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवलं की कण एकमेकांना आणि काचेला जखडतात. कॉलेजात मफल फर्नेस असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर उद्यमबागेत हीट ट्रीटमेंट करणाऱ्या एखाद्या कारखान्यात चौकशी करा. टेंपरिंगच्या भट्टीला हे तापमान रोजचं आहे, आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन गेलात तर कारखानदार सहसा नाही म्हणत नाहीत. खानापूरच्या कुंभारकामाच्या भट्ट्या जवळ वाटल्या तरी त्यांचं तापमान याच्या फार वर जातं, काच वाकून जाईल. काहीच नसेल तर बिडाच्या जाड तव्यावर, वर दुसरा तवा उपडा घालून, मोठ्या आचेवर प्रयत्न करता येतो. त्या तव्यावर पुन्हा भाकरी करायची नाही, हे घरी आधी सांगून ठेवा. भट्टी असो की तवा, खूण एकच: थर आधी तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. तपकिरीवरच थांबलात तर साबण पूर्ण जळलेला नाही. काच थंड तव्यावर ठेवूनच तापवायची आणि तव्यावरच निवू द्यायची. गरम काच फरशीवर ठेवली की टच्चकन तडा जातो.

रंग

इथे आपला प्रदेश श्रीमंत आहे. एप्रिल–मे महिन्यांत खानापूरच्या जंगलाकडून करवंदं येतात, त्याच सुमाराला गोव्याच्या घाटाकडून रातांबे, आणि पाऊस लागता लागता जांभळं. लाल बोंडांची अंबाडी पावसाळ्यानंतर. जास्वंद तर बारा महिने. या सगळ्यांत अँथोसायनिन जातीचे रंग असतात. त्यांतल्या ज्यांच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारीशेजारी असतात ते टायटॅनियमला घट्ट धरतात. बाटलीतलं आगळ मात्र घेऊ नका, त्यात मीठ असतं. ताजी रातांब्याची साल किंवा बिनमिठाची सुकवलेली साल चालेल.

फळं कुस्करा, थोडं पाणी आणि थोडं अल्कोहोल घाला, दोन थेंब व्हिनेगर टाका, मलमलच्या फडक्यातून गाळा. उकळू नका, अँथोसायनिन उष्णतेने खराब होतो. भाजलेली काच साधारण 70–80 अंशांपर्यंत निवली की रसात तोंड वर करून बुडवा. अर्ध्या तासात रंग चढतो, रात्रभर ठेवलं तर अधिक. बाहेर काढून पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा आणि हलक्या वाऱ्यावर सुकवा. मागच्या बाजूने पाहिलं तरी पांढरं दिसायला नको. दिसलं तर परत रसात.

काळ्या काचा

इथे एक नाही, चार काचा करा, कारण एकाच काचेवरून कार्बनने काय केलं ते कळत नाही. पहिली काच कोरी, नुसता वाहक थर. दुसरी 6बी पेन्सिलने वाहक बाजूवर गच्च घासलेली. तिसरी मेणबत्तीच्या काजळीची. चौथी ग्रॅफाइट आणि काजळीच्या मिश्रणाची.

मेणबत्तीची काजळी धरताना काच ज्योतीच्या टोकाशी नको, पिवळ्या भागात हवी, आणि सतत हलती. एकाच जागी थांबली तर तडकते. मखमली काळा थर आला की पुरे. त्यातले कण काही दशक नॅनोमीटरचे गोल असतात आणि साखळ्या करून बसतात. मात्र त्यांच्यात न जळलेलं मेण राहतं आणि ते द्रावणाला आत शिरू देत नाही. म्हणून काच 300 अंशांच्या आसपास पाचदहा मिनिटं ठेवा. 450 अंशांवर उघड्या हवेत फार वेळ ठेवलीत तर काजळीच हळूहळू जळून उडून जाईल. कडा कापसाच्या काडीने पुसून घ्या.

चौथ्या काचेसाठी काजळी बरीच लागते आणि मेणबत्ती कंटाळा आणते. कापूर इथे उपयोगी पडतो. पितळी ताटलीत कापराच्या वड्या पेटवून वर स्टीलचं ताट तिरकं धरलं की दाट काजळी जमते. हे अंगणात करा, घरात नाही. कापूर भराभर पेटतो, तेव्हा जळता असताना त्यात वरून आणखी वड्या टाकायच्या नाहीत. जमलेली काजळी एक भाग, ग्रॅफाइट चार भाग, आणि बांधणीसाठी मघाची टायटॅनियमची पेस्ट थोडी, असं अल्कोहोलमध्ये खलून काचेवर पातळ पसरा. सुकल्यावर 400 अंशांच्या थोडं वर दहा मिनिटं. बोटाने हलकं पुसून पाहा, बोट काळं झालं तर पेस्ट थोडी वाढवा.

दोन्ही एकत्र का? ग्रॅफाइटचे पापुद्रे वीज आडवी चांगली वाहून नेतात, पण त्यांचा सपाट पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या सुस्त असतो. आयोडीनला इलेक्ट्रॉन देण्याची क्रिया घडते ती थरांच्या कडांवर आणि मोडतोड झालेल्या जागी. काजळीत अशा कडा भरपूर, पृष्ठफळही भरपूर, पण कण एकमेकांना सैल टेकलेले असल्याने वहन कमी. एक वाट देतं, दुसरं काम करतं. के आणि ग्रेट्झेल यांच्या मिश्रणामागचा विचारही हाच होता.

द्रावण आणि जोडणी

10 मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉलमध्ये 0.83 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 0.127 ग्रॅम आयोडीन. आयोडीन सावकाश विरघळतं, रात्रभर ठेवा. बाटली गडद रंगाची हवी. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाहीत. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन अडीनडीला चालतं, पण त्यातलं अल्कोहोल उडून घट लवकर कोरडा पडतो. पोव्हिडोन आयोडीन मात्र चालत नाही, त्यात आयोडीन बांधलेलं असतं.

रंगवलेली काच तोंड वर करून ठेवा. काळी काच तिच्यावर तोंड खाली करून, थोडी सरकवून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे चिमटा लावायला कड उरेल. दोन बाजूंना बाइंडर क्लिपा लावा. फटीशी द्रावणाचा एक थेंब ठेवा, तो आपोआप आत ओढला जातो. क्लिप एकदा सैल करून पुन्हा दाबा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. कडेला सांडलेलं पुसा. प्रकाश रंगीत काचेच्या बाजूनेच पडायला हवा, दुसरी बाजू काळी आहे. रंगीत काच ऋण टोक, काळी काच धन टोक. मल्टिमीटरवर उणे चिन्ह दिसलं तर तारा उलट लागल्यात, दुसरं काही नाही.

मोजणी

बहुतेक जण घट उन्हात धरतात, मल्टिमीटरवर 0.4 व्होल्ट पाहतात, फोटो काढतात आणि संपलं. त्या आकड्यातून काजळीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. उघड्या मंडलाचा व्होल्टेज ठरतो तो टायटॅनियममधल्या इलेक्ट्रॉनची पातळी आणि आयोडीन-आयोडाइडची पातळी यांच्या फरकावरून. कोरी काच लावली तरी तो फारसा पडत नाही, कारण त्या वेळी प्रवाहच वाहत नसतो. कार्बनची परीक्षा भार लावल्यावर होते. पाटाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी तुंबलेलं असेल तर वरची मोटर किती दाबाची आहे याला अर्थ राहत नाही, तसं आहे हे.

म्हणून असं करा. घटाला एकेक रोध जोडायचा: 10, 100, 220, 470 ओहम, मग 1, 2.2, 4.7 आणि 10 किलोओहम. प्रत्येक वेळी रोधाच्या दोन टोकांमधला व्होल्टेज लिहायचा. प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. शक्ती म्हणजे दोहोंचा गुणाकार. एकच मल्टिमीटर पुरतो. लघुमंडल प्रवाहासाठी (शॉर्ट सर्किट करंट) मल्टिमीटर थेट मिलिअँपवर लावू नका. स्वस्त मीटरच्या 2 मिलिअँप पट्ट्यात आतला रोध साधारण 100 ओहम असतो, आणि 0.8 मिलिअँपला त्याच्यावरच 80 मिलिव्होल्ट खर्च होतात. 10 ओहमवरचे मिलिव्होल्ट मोजणं अधिक प्रामाणिक.

समजा मिश्रणाच्या काचेने उघड्या मंडलात 0.42 व्होल्ट दिले, 10 ओहमवर 8 मिलिव्होल्ट म्हणजे 0.8 मिलिअँप, आणि 470 ओहमवर 0.26 व्होल्ट. तिथे प्रवाह 0.55 मिलिअँप, शक्ती सुमारे 0.144 मिलिवॉट. स्वच्छ दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला 100 मिलिवॉट धरतात, तेव्हा कार्यक्षमता 0.14 टक्के. आता 0.42 गुणिले 0.8 म्हणजे 0.336, त्याने 0.144 ला भागलं की 0.43. हा भरणांक (फिल फॅक्टर). चार काचांची तुलना करताना याच आकड्यावर नजर ठेवा. कोऱ्या काचेचा भरणांक दाणकन पडलेला दिसेल, व्होल्टेज मात्र जवळपास तसाच. काजळीने केलेलं काम दिसतं ते इथे.

0.14 टक्के ऐकून हिरमुसू नका. नैसर्गिक रंगाचे घट 1 टक्क्याच्या खालीच राहतात. एलईडी पेटवायचा हट्टही नको. असे चार घट एकापुढे एक जोडले तर दीड व्होल्टच्या साध्या कॅल्क्युलेटरचा पडदा उजळतो, प्रदर्शनाला तेवढं पुरे.

तुलना करताना रंगीत काच एकच ठेवा आणि काळ्या काचा बदलत जा. प्रत्येक वेळी जुनं द्रावण अल्कोहोलने धुऊन नवा थेंब घाला. रंग उन्हाने फिकट होत जातो, त्यामुळे शेवटी लावलेली काच विनाकारण वाईट ठरते. उपाय सोपा आहे: चारही झाल्यावर पहिली काच पुन्हा लावून मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे रंगाची झीज, तेवढी सूट बाकीच्यांना द्यायची. परीक्षकांनी विचारलं नाही तरी हा आकडा तक्त्यात लिहा.

ऊनही सारखं नसतं. अंगणात लावायच्या सौरदिव्यातलं छोटं सिलिकॉन पॅनेल शेजारी ठेवा आणि 1 ओहमवरचा त्याचा व्होल्टेज प्रत्येक मोजणीसोबत लिहा. तो 10 टक्के कमी झाला तर ऊन 10 टक्के कमी. मोबाइलमधलं प्रकाशमापक अ‍ॅप भर उन्हात बरेचदा वरच्या टोकाला अडकून बसतं. बेळगावात फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने या कामाला उत्तम. जून लागला की घरातच 50 वॉटचा हॅलोजन दिवा ठरावीक अंतरावर ठेवून मोजा. मग टक्केवारी काढायची नाही, काचांची आपापसातली तुलना तेवढी करायची.

उन्हाचीही गरज नसलेली एक चाचणी आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. एकसारख्या दोन काळ्या काचा घ्या, मधे चिकटपट्टीची खिडकी, खिडकीत द्रावण. रंग नाही, टायटॅनियम नाही. दीड व्होल्टच्या सेलला 1 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावून या जोडीवर 0.2 व्होल्ट द्या आणि प्रवाह मोजा. इथे मात्र दोन मीटर लागतात, कारण प्रवाह वाहू लागला की व्होल्टेज खाली येतो आणि तो पुन्हा 0.2 वर आणावा लागतो. कोऱ्या काचांची जोडी जेमतेम प्रवाह देईल, मिश्रणाची जोडी कितीतरी जास्त. कार्बन आयोडीनशी किती सहज देवाणघेवाण करतो याचं हे सरळ माप, मधे दुसरं कुणी नाही.

गुळापासून चमकणारे कण

गुळापासून किंवा उसाच्या रसापासून कार्बनचे क्वांटम डॉट बनवण्याची कृती मुलांना फार भुलवते, आणि साखरपट्ट्यात ते साहजिक आहे. साखरेचं किंवा सायट्रिक आम्लाचं द्रावण बंद भांड्यात उष्णता देऊन तापवलं की काही नॅनोमीटरचे कार्बनचे कण तयार होतात आणि अतिनील टॉर्चखाली निळेहिरवे चमकतात. कॉलेजच्या फ्यूम हुडमध्ये, खाण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये सायट्रिक आम्ल आणि युरिया यांचं द्रावण काही मिनिटं ठेवूनही ते मिळतात. घरच्या कुकरमध्ये हा उद्योग नको.

पण चमकलं म्हणजे डॉट झाले, असं नाही. सायट्रिक आम्ल आणि अमाइन यांच्यापासून तयार होणारे साधे रेणूही तसेच चमकतात. निदान डायलिसिसच्या पडद्यातून लहान रेणू काढून टाका आणि मग आत उरलेलं चमकतं का पाहा. सौरघटात रंगाच्या जागी हे डॉट लावून टोरंटो विद्यापीठातल्या गटाने 2012 साली 0.13 टक्के मिळवले होते, म्हणजे आपल्या वरच्या 0.14 च्या आसपासच. प्रयोग म्हणून जरूर करा. पण सगळा वेळ त्यातच गेला आणि काळ्या काचांची तुलना राहून गेली, असं होऊ देऊ नका.

बिघडलं तर, आणि आवरताना

व्होल्टेज शून्य आला तर बहुधा दोन्ही काचा एकमेकींना टेकल्यात. क्लिपा सैल करा किंवा मधे पट्टीची खिडकी घाला. व्होल्टेज ठीक पण प्रवाह नगण्य असेल तर काळ्या काचेकडे बघा: मेण राहिलंय, किंवा काच उलटी लागली आहे आणि काजळी वाहक नसलेल्या बाजूवर आहे. प्रवाह मिनिटागणिक घसरत असेल तर द्रावण सुकतंय. थर काचेवरून सोलून निघाला तर भाजणं कमी पडलं.

उरलेलं आयोडीन मोरीत ओतू नका. फोटोग्राफीचा हायपो किंवा व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्यात घाला, तपकिरी रंग जाईपर्यंत. ग्लायकॉलचा कचरा वेगळ्या बाटलीत भरून कॉलेजच्या रसायन विभागाकडे द्या. काळ्या काचा अल्कोहोलने धुऊन, सुकवून, वहीच्या पानात गुंडाळून ठेवा. त्यांवर क्रमांक आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी जांभळं आली की याच काचांवर पुन्हा मोजता येईल, फक्त रंगीत काच नवी करावी लागेल.